नवे मराठी गाणे आपल्या घरी येते कुठून?

आपल्या मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमाची गाण्यांची यादी घ्या. गुढीपाडव्याची असो, कोजागिरीची असो की दिवाळी पहाटेची. त्यातल्या बहुतेक गाण्यांना पन्नास वर्षे होऊन गेलेली असतात. ही गाणी उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. पण मराठीत आजही सतत नवी गाणी तयार होत आहेत, कवितांना चाली लागत आहेत, अभंग नव्याने बांधले जात आहेत. ती इंदूर-देवासच्या, ग्वाल्हेरच्या किंवा बडोद्याच्या मराठी घरात का पोहोचत नाहीत? आणि पोहोचलीच, तर कोणत्या वाटेने पोहोचतात? या लेखात त्याचाच थोडा हिशेब मांडायचा आहे.

हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या घरात मराठी टिकते ती स्वयंपाकघरात, देवघरात, लग्नमुंजीच्या पत्रिकेत आणि गाण्यात. यातल्या पहिल्या तीन ठिकाणी नवे शब्द फारसे येत नाहीत. तिथली मराठी आपल्या आजी-पणजीने आणली तशीच चालू आहे, आणि त्यात थोडी हिंदी मिसळते एवढेच. आजची मराठी, म्हणजे पुण्या-कोल्हापुरात, जळगावात आज बोलली जाणारी मराठी, आपल्या मुलानातवंडांच्या कानावर पडण्याचा सर्वांत सोपा मार्ग गाणे हाच आहे. ते बंद झाले तर मराठी म्हणजे आजोबांच्या पिढीची भाषा, असा समज मुलांच्या मनात पक्का होतो.

निवडणारा माणूस होता तेव्हा

जुन्या काळी नवे गाणे घरी येण्याची मुख्य वाट म्हणजे रेडिओ. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर केंद्रीय नभोवाणी मंत्री झाले. स्वतः मराठी, शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटसंगीताला आकाशवाणीवर त्यांनी जवळजवळ दार बंद केले. त्याचा परिणाम सर्वांना ठाऊक आहे. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरांत पोहोचली आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचे धोरण ताठर होते, ही टीका रास्तच आहे. पण त्याच काळात आकाशवाणीने सुगम संगीताची स्वतःची व्यवस्था उभी केली. कवींकडून गीते घ्यायची, संगीतकारांकडून चाली बांधून घ्यायच्या, गायक निवडायचे आणि गाणे प्रसारित करायचे. मराठी भावगीत या व्यवस्थेत फार वाढले.

‘गीत रामायण’ हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून पहिले गीत गेले. पुढे वर्षभर ही मालिका चालली आणि ५६ गीते झाली. आज आपण ती परंपरेचा भाग म्हणून ऐकतो. पण त्या वर्षी प्रत्येक गीत कोरे करकरीत होते, आणि ते ऐकण्यासाठी लोक वेळ राखून बसत असत.

आपल्या गावाचाही यात वाटा आहे. इंदूरचे आकाशवाणी केंद्रही १९५५ चेच. रामूभैया दात्यांसारख्या रसिकाच्या घरात वाढलेले अरुण दाते हे इंदूरचे. ते आधी आकाशवाणीवर उर्दू गझला गात. १९६२ मध्ये ‘शुक्रतारा’ आले. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आणि मराठी भावगीताला माळव्यातला एक आवाज मिळाला.

या व्यवस्थेचे तीन गुण आज मुद्दाम आठवले पाहिजेत. एक, गाणे निवडणारा कोणी तरी माणूस होता आणि निवडीची जबाबदारी त्याच्यावर होती. दोन, निवेदक प्रत्येक वेळी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगत असे, त्यामुळे एक गाणे आवडले की त्या कवीचे किंवा संगीतकाराचे दुसरे गाणे शोधता येत असे. तीन, तेच गाणे एकाच वेळी हजारो घरांत वाजत असे आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलता येत असे.

आपण केवळ घेणारे नव्हतो

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्या पुण्या-मुंबईकडून येईल ते ऐकत बसल्या होत्या, असे मात्र नाही. ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजली ती ग्वाल्हेरमुळे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेर परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे विद्या घेतली आणि ती दक्षिणेत नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, आणि पलुस्करांनी ती विद्या पुढे देशभर पोहोचवली. बडोद्यात १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागची धडपड भातखंड्यांची होती. म्हणजे त्या काळी नवे संगीत कानी पडावे म्हणून महाराष्ट्रातला विद्यार्थी आपल्या गावांकडे येत होता.

कुमार गंधर्वांचे उदाहरण तर अगदी जवळचे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमारजी १९४८ च्या सुरुवातीला क्षयाच्या उपचारासाठी, कोरड्या हवेसाठी, देवासला आले. गाणे बंद, अंथरुणाला खिळलेले. त्या काळात आसपासच्या बायकांची माळवी लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. पुढे त्यांनी ती गोळा केली, त्यांच्यातल्या धुनांमधून नवे राग उभे केले आणि १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध केले. २०२४ मध्ये त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली, तेव्हा भाषणे पुष्कळ झाली. आम्हांला त्यातून एक साधी गोष्ट घ्यावीशी वाटते. एवढ्या मोठ्या गायकालाही नवे संगीत शेजारच्या गल्लीत मिळाले, कारण तो ते कान देऊन ऐकत होता.

आता निवड कोण करते?

आज बहुतेक घरांत गाणे मोबाईलवर येते. यूट्यूब तर सर्वत्र आहेच. शिवाय जिओसावन, स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक यांसारखी ॲप आहेत. स्पॉटिफाय आणि यूट्यूब म्युझिक दोन्ही २०१९ मध्ये भारतात आली. कोट्यवधी गाणी, हवे ते केव्हाही. मग नवे मराठी गाणे का सापडत नाही?

कारण या ॲपची निवड करण्याची रीत समजून घ्यायला हवी. तुम्ही काय ऐकले, किती वेळ ऐकले, कोणते मध्येच सोडून दिले, याची नोंद होते. मग तुमच्यासारखेच ऐकणाऱ्या इतर लोकांनी आणखी काय ऐकले ते पाहिले जाते आणि ते तुमच्यापुढे ठेवले जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर हे मागच्या खतावणीवरून पुढचे अंदाजपत्रक बांधणे आहे. जे खात्यात कधी जमाच झाले नाही, ते अंदाजात येणार नाही.

आता आपल्या घरातला मोबाईल पाहा. त्यावर सकाळी हिंदी भजन, दुपारी नातवाची इंग्रजी किंवा पंजाबी गाणी, संध्याकाळी एखादे जुने भावगीत. या हिशेबात मराठी म्हणजे ‘जुने’ असे समीकरण आपोआप बनते. सुधीर फडके ऐकले की पुढे सुधीर फडकेच येतात. आठवणीसाठी हे चांगले आहे, पण नव्यासाठी निरुपयोगी आहे. हिंदी भाषक प्रदेशात भोवतालचे सर्व श्रोते हिंदी ऐकणारे असल्यामुळे लोकप्रिय गाण्यांच्या याद्याही हिंदीच दिसतात.

यात थोडी सुधारणा आपल्या हातात आहे. यातली बरीच ॲप सुरुवातीला भाषा विचारतात. घाईत आपण ‘हिंदी’वर बोट ठेवून पुढे जातो. सेटिंगमध्ये जाऊन तिथे मराठी निवडावी. आजी-आजोबांचे आणि मुलांचे खाते शक्य तर वेगळे असावे. यूट्यूबवर एखाद्या संगीतकाराचे काम आवडले तर त्याच्या वाहिनीचे सदस्य व्हावे, म्हणजे त्याचे नवे काम अंदाजावर अवलंबून न राहता आपल्याला कळते. राहुल देशपांडे, महेश काळे यांच्यासारखे आजचे गायक आपले काम थेट तिथे देत आहेत.

दुसरी अडचण नावांची आहे. मराठी श्रोता गाणे ओळखतो ते कवी, संगीतकार आणि गायक अशा त्रिकुटाने. ॲपवर बहुधा गायकाचे नाव पुढे असते आणि बाकीची नावे एक-दोन पडदे मागे, कधी चुकीची, कधी नसतातच. त्यातच मराठी नावांची रोमन लिपीतली स्पेलिंगे प्रत्येकाची वेगळी. त्यामुळे शोधूनही सापडत नाही. या बाबतीत ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाचे काम मोलाचे आहे. तिथे गाणे गीतकार, संगीतकार, गायक, राग अशा अंगांनी शोधता येते आणि शब्दही मिळतात. नव्या गाण्यांसाठी अशी शिस्तीची नोंद अजून कोणी केलेली आमच्या पाहण्यात नाही.

दूरचित्रवाणीवर आवाज नवे, गाणी जुनी

आपल्या बहुतेक घरांत मराठी वाहिन्यांवरच्या गाण्यांच्या स्पर्धा आवडीने पाहिल्या जातात. ‘सा रे ग म प’च्या लिटिल चॅम्प्सनी २००८-०९ मध्ये तर सगळ्यांना वेड लावले होते. या स्पर्धांनी नवे गायक दिले, हे खरेच. पण स्पर्धेची गरज अशी असते की परीक्षकांना आणि प्रेक्षकांना तुलना करता आली पाहिजे. तुलना करायची तर मूळ गाणे सर्वांना पाठ हवे. म्हणून स्पर्धक जुनीच गाणी गातात. आपण तासभर नवे काही पाहिल्याच्या समाधानात उठतो, पण त्या तासात नवे गाणे एकही ऐकलेले नसते.

सारेगामाचे ‘कारवां’ हे यंत्र २०१७ मध्ये आले. त्याच्या हिंदी आवृत्तीत ५,००० गाणी भरलेली होती आणि पुढे मराठी आवृत्तीही निघाली. बटण दाबले की गाणे, त्यामुळे ज्येष्ठांची मोठी सोय झाली आणि वाढदिवसाला, एकसष्टीला ते भेट देण्याची पद्धत पडली. पण पाच हजार गाण्यांच्या त्या पेटीत उद्याचे गाणे येणार कुठून?

रील्सची वाट

तिसरी वाट आपल्या नातवंडांची आहे. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. तेव्हापासून गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा आधी येतो, गाणे नंतर. २०२४ मध्ये खानदेशातल्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ याच वाटेने देशभर गेले. मराठी न समजणारी मुलेही त्यावर नाचली.

आमच्या पिढीतल्या अनेकांना ते रुचले नाही. काव्य कुठे आहे, चाल कुठे आहे, अशी विचारणा झाली. ती करण्याचा हक्क आहेच. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. आपल्या घरांत आजवर मराठी गाणे नेहमी वरून खाली आले, आजीकडून नातीकडे. ‘गुलाबी साडी’ खालून वर आले. ज्या मुलांना मराठीत वाक्य पुरे करताना अडखळायला होते, त्यांनी हे गाणे घरात आणले आणि आजीला एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला. वाट उघडली आहे. त्या वाटेने पुढे काय आणायचे हे ठरवणे आपल्यावर आहे. त्या गाण्याला नाक मुरडले तर मूल एवढेच शिकते की घरात मराठी गाणे आणले की बोलणी बसतात.

रील्सची मर्यादाही तितकीच खरी. तुकडा चालला तर गाणे चालते. ज्या गाण्याची गंमत तिसऱ्या कडव्यात आहे, ज्याची चाल हळूहळू उलगडते, त्याला इथे जागा नाही. भावगीत आणि कवितेचे गाणे या वाटेने यायचे नाही. त्याला दुसरी वाट लागणार.

पैसा कुठून येतो ते पाहावे

कोणतीही व्यवस्था अशी का वागते हे समजायचे असेल तर तिचा पैसा कुठून येतो ते पाहावे. आकाशवाणीच्या सुगम संगीताचा खर्च सरकार करत होते. आजचे ॲप वर्गणीवर आणि जाहिरातींवर चालते. हा धंदा सोपा नाही. ‘गाना’ने २०२२ मध्ये फुकट सेवा थांबवून वर्गणीची वाट धरली. ‘रेसो’ जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेले. एअरटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘विंक’ बंद करण्याचे जाहीर केले. ॲप बंद झाले की वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्याही त्याबरोबर जाऊ शकतात. म्हणून आवडलेल्या गाण्यांची नावे, कवी-संगीतकारांसह, एका साध्या वहीत उतरवून ठेवावीत. वहीला वर्गणी लागत नाही.

संगीतकाराच्या बाजूचा एक आकडाही पाहण्यासारखा आहे. २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की एखादे ध्वनिमुद्रण मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल तर त्याचे मानधन मोजले जाणार नाही. शिवाय वेगवेगळे श्रोतेही किमान संख्येने असावे लागतात, त्यामुळे एकाच घरात हजार वेळा लावून भागत नाही. मोठ्या चित्रपटगीताला ही अट जाणवतही नाही. पण नाशिक किंवा सावंतवाडीतल्या एखाद्या तरुणाने कवितेला लावलेली चाल वर्षात सहाशे वेळा ऐकली गेली, तर तिची जमा शून्य.

आता आपला हिशेब करू. समजा एका मंडळात ३०० कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाने एक चांगले नवे गाणे वर्षात मनापासून चार वेळा ऐकले. १,२०० झाले. एका शहरातल्या एका मंडळाने ते गाणे रेषेच्या वर नेले. त्यातून मिळणारी रक्कम किरकोळच असेल. पण ॲपच्या दृष्टीने ते गाणे ऐकणारे तीनशे खरे लोक आहेत, आणि अशाच नोंदींवरून ते पुढच्या श्रोत्यांपुढे ठेवले जाते. संख्येने लहान असलेल्या समाजाचे वजन असे पडू शकते. मात्र गाणे आवडले तरच ऐकावे. दयेपोटी लावून ठेवलेल्या गाण्याने कोणाचेच भले होत नाही.

यंत्राने केलेली गाणी

यात आता नवी भर पडली आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या गाण्यांची. डीझर ही फ्रान्समधली संगीत कंपनी याचे आकडे प्रसिद्ध करते. जानेवारी २०२५ मध्ये तिच्याकडे रोज सुमारे १०,००० पूर्णपणे यंत्रनिर्मित गाणी येत होती. नोव्हेंबर २०२५ पर्यंत हा आकडा रोज ५०,००० वर गेला, म्हणजे येणाऱ्या एकूण गाण्यांच्या ३४ टक्के. स्पॉटिफायनेही सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले की मागच्या वर्षभरात साडेसात कोटी बनावट किंवा निरर्थक ध्वनिमुद्रणे काढून टाकली.

हे आपल्यापासून दूर नाही. नकली आवाजांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. ओळखीच्या आवाजात न गायलेले गाणे ऐकवता येते, हे आता सिद्ध झाले आहे. भक्तिगीते, अंगाईगीते, ‘मनःशांतीसाठी बासरी’ अशा गोष्टींमध्ये तर ऐकणारा नाव पाहतच नाही, त्यामुळे तिथे ओळखणे आणखी कठीण.

यावर श्रोत्याला करता येण्यासारखा उपाय एकच दिसतो, आणि तो जुनाच आहे. गाणे कोणाचे, हे विचारावे. शब्द कोणी लिहिले, चाल कोणी लावली, गायले कोणी, हा माणूस कुठला, कधी कोणासमोर बसून गायला आहे का? उत्तर मिळत नसेल तर ते गाणे पुढे पाठवू नये. निवेदक तिन्ही नावे सांगत, ही नुसती औपचारिकता नव्हती, हे आता लक्षात येते.

रेडिओ संपलेला नाही

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. राखीव किंमत ७८४.८७ कोटी रुपये. मातृभाषेतला स्थानिक मजकूर वाढेल, अशी अपेक्षा त्या वेळी व्यक्त झाली. आम्ही फार आशा धरून बसणार नाही. लिलावाची रक्कम आणि दरवर्षीचे शुल्क भरणारी वाहिनी जाहिरातींवर जगते, आणि जाहिरात मोठ्या संख्येच्या मागे जाते. मध्य प्रदेशात ती संख्या हिंदी चित्रपटगीतांची आहे. २००१ मध्ये खासगी एफएम सुरू झालेल्या पहिल्या काही शहरांत इंदूर होते. तेव्हापासूनचा अनुभव सर्वांसमोर आहे.

पण एक सोय आपल्याकडे दुर्लक्षित आहे. प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एआयआर’ या ॲपवर आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या थेट ऐकता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात सुरू झालेल्या ‘वेव्हज’वरही आकाशवाणी मिळते. म्हणजे इंदुरात बसून पुणे, नागपूर, सांगली, जळगाव किंवा पणजी केंद्र ऐकता येते. एके काळी हवामान चांगले असेल तर रात्री खरखरत लागणारे केंद्र आज स्वच्छ लागते, तेही फुकट. तिथे अजून माणूस निवड करतो आणि नावे सांगतो. दिवसातली वीस मिनिटे त्याला द्यायला हरकत नाही.

मंडळाने काय करावे

एवढ्या वाटा पाहिल्यावर आमचे मत असे झाले आहे की नव्या मराठी गाण्याला आज सर्वांत जास्त उणीव आहे ती विश्वासू निवडणाऱ्याची. ॲप आपल्या सवयी ओळखते, पण आपला समाज ओळखत नाही. हे काम मंडळाने करावे. त्याला फार पैसा लागत नाही.

पहिली सूचना. दर महिन्याला पाच गाण्यांची यादी याच संकेतस्थळावर द्यावी. त्यातली किमान तीन गेल्या दोन वर्षांतली असावीत. प्रत्येक गाण्यापुढे गीतकार, संगीतकार, गायक आणि ते का निवडले याच्या दोन ओळी. निवड दोघांनी मिळून करावी, एक साठीच्या पुढचा आणि एक पंचविशीच्या आतला. दोघांनाही मान्य होईल तेच गाणे यादीत. भांडणे होतील, आणि त्या भांडणांतून दोघेही दुसऱ्याची गाणी पुरी ऐकतील.

दुसरी सूचना कार्यक्रमांविषयी. आपण कलाकारांना बोलावतो तेव्हा फर्माइशींची यादी आधी पाठवतो, आणि ती नेहमीची असते. गायकाजवळ स्वतःची नवी गाणी असतात, पण ती म्हणण्याचे धाडस तो करत नाही, कारण तिकीट काढून आलेल्यांना ओळखीचेच हवे असे त्याला सांगितले जाते. प्रत्येक कार्यक्रमात दोन नवी गाणी असावीत, असे मंडळानेच पत्रात लिहावे. ती जुन्याच्या शेजारी ठेवावीत. २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटात १९६७ च्या नाटकातली अभिषेकीबुवांची पदे होती आणि त्यांच्याच बरोबर शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचनाही होत्या. त्यातल्याच एका नव्या रचनेसाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्याच्या ओढीने आलेल्या श्रोत्याने नवेही मनापासून घेतले.

तिसरी सूचना आपल्या गावाची. स्वानंद किरकिरे इंदूरचेच. त्यांच्या घरात कुमारजींचे गाणे होते, आणि आज त्यांचे शब्द देशभर गायले जातात. असे आणखी कोणी तरुण आज आपल्या वस्तीत लिहीत असतील, चाली लावत असतील. त्यांना वर्षातून एक संध्याकाळ द्यावी. स्पर्धा नको, परीक्षक नको, बक्षीस नको. अट एकच, गाणे स्वतःचे आणि मराठीत असावे. त्या मराठीत थोडी माळवी आली, थोडी हिंदी आली, तरी चालेल. तीच आपली मराठी आहे, आणि तिच्यातले गाणे पुण्याहून येणार नाही.

पहिल्या महिन्याच्या यादीसाठी सभासदांनी प्रत्येकी एक गाणे सुचवावे, तिन्ही नावांसह. नावे सापडली नाहीत तर तेही लिहावे. ती शोधण्याचे काम आम्ही चार निवृत्त मंडळी आनंदाने करू, वेळ आमच्याकडे आहे. चाली ऐकून होय-नाही म्हणायला मात्र पंचविशीच्या आतले दोघे-तिघे हवे आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्यांना पुढच्या बैठकीला धाडावे.